बळ वाढवले, पण पेलणार कोण?



माझे काम पीकपाण्याच्या गोष्टी सांगण्याचे. कोणत्या वाणाला किती खत, कोणत्या किडीवर कोणता उपाय, हे सांगत मी गावोगाव हिंडतो. आज मात्र मी तुम्हांला ट्रॅक्टरच्या क्लचची गोष्ट सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, शेतकीच्या साहेबांनी हे मिस्त्रीचे काम कधीपासून सुरू केले? बंधूंनो, माझ्या एका शब्दापायी एका गरीब पोराच्या हाताची दोन बोटे गेली. ती कशी गेली हे सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि तुमच्या घरी तसे होऊ नये एवढ्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

२०१७ सालची दिवाळी. मी गावी गेलो होतो. माझ्या पुतण्याकडे ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे. तेव्हा तो सहा-सात वर्षांचा जुना झाला होता. घरची मशागत आटोपली की गाळप हंगामात ऊस वाहायचा, असा त्याचा बेत असे. पाडव्याच्या दिवशी फराळाला बसलो असताना त्याने विचारले, "काका, पंप वाढवून घेऊ का? दोन ट्रॉल्या भरल्या की चढाला दम खातोय. गावात समद्यांनी वाढवून घेतलाय."

पंप वाढवणे म्हणजे काय, हे ट्रॅक्टरवाल्यांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. इंजिनात दर ठोक्याला किती डिझेल जायचे, हे डिझेल पंपावर कारखान्यात बांधून दिलेले असते आणि वर सील मारलेले असते. ते सील तोडून पंप जास्त डिझेल सोडील असा केला की इंजिन जास्त जोर करते. आठ-दहा घोडे वाढतात, असे पंपवाले सांगतात. धूरही काळा होतो, पण त्याकडे कोण पाहतो?

मी चकली खात होतो. मला परतायची घाई होती. मी म्हणालो, "घे की. सगळेच घेतात."

बस्स, एवढेच बोललो. पण पुतण्याने गावभर सांगितले, "काकांनी सांगितलंय. ते शेतकीची पदवी घेतलेले आहेत." आपल्याकडे शिकलेल्या माणसाच्या शब्दाला फार किंमत असते, आणि शिकलेल्या माणसाला मात्र त्या शब्दाची किंमत नसते. असो.

पंप वाढला. कारखान्याचा हंगाम सुरू झाला. पहिला महिना पुतण्या खुशीत होता. पूर्वी जिथे तिसरा गिअर टाकावा लागे, तिथे आता चौथ्यात ट्रॅक्टर चढू लागला. मग डिसेंबरात त्याचा फोन आला. म्हणाला, "काका, चढावर इंजिन ओरडतंय, पण चाक पुढं सरकत नाही. आणि काहीतरी जळल्याचा वास येतोय." मी म्हणालो, "मिस्त्रीला दाखव." रस्त्याकडेच्या एका फिटरने ट्रॅक्टर मधून उघडला, जळलेली क्लच प्लेट काढली, नवी घातली आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर पुन्हा फडावर गेला. हंगाम होता, कोणाला थांबायला वेळ नव्हता.

जानेवारीत ते घडले. आमच्या गावाच्या अलीकडे ओढा आहे. ओढा ओलांडला की रस्ता एकदम अंगावर येतो. संध्याकाळची वेळ, मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या. अर्ध्या चढावर क्लचने पुन्हा हात टेकले. इंजिन ओरडते आहे, चाके जागची हलत नाहीत. पुतण्याने ब्रेक दाबला. ट्रॅक्टरचा ब्रेक मागच्या दोन चाकांना असतो, आणि ट्रॉल्यांना ब्रेक नव्हता. सगळा भार मागे ओढू लागला आणि गाडी तसूतसूने खाली सरकू लागली. पुतण्याबरोबर गावातला एक वीस-एकवीस वर्षांचा मुलगा मदतीला असे. त्याने खाली उडी मारली, रस्त्याकडेचा दगड उचलला आणि मागच्या ट्रॉलीच्या चाकाखाली सरकवला. दगड बसला, गाडी थांबली, पण पोराचा उजवा हात वेळेवर निघाला नाही.

करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट काढावे लागले. तो मुलगा आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवीत असे.

दवाखान्याचा खर्च मी आणि पुतण्याने मिळून केला. पण दवाखान्यात त्याची आई मला म्हणाली, "आप्पा, तुमचा काय दोष? यंत्राचं काय सांगता येतं?" तेव्हा मला खाली पाहावे लागले. कारण बंधूंनो, यंत्राचे सांगता येते. शेतकीच्या पदवीला असताना आम्हांला शेतीतील शक्ती आणि यंत्रे हा विषय होता. क्लचची आकृती काढून मी त्यात चांगले गुण मिळवले होते. हिशोब माझ्या वहीत होता. चकली खाताना तो आठवला नाही, एवढेच.

आता तो हिशोब तुम्हीही समजून घ्या. अवघड नाही.

लहानपणी मी शेवटच्या शेवटच्या मोटा पाहिल्या आहेत. बैल कितीही ताकदीचे असोत, विहिरीतली मोट वर येते ती नाड्याच्या जोरावर. मोठी बैलजोडी आणली आणि नाडा जुनाच ठेवला, तर धावेवर बैल पुढे पळतात आणि मोट विहिरीत जाते. ट्रॅक्टरमध्ये इंजिन म्हणजे बैल, आणि क्लच म्हणजे नाडा. फरक एवढाच की हा नाडा गाठ मारून बांधलेला नसतो, तो दाबून धरलेला असतो.

इंजिनाच्या मागच्या टोकाला बिडाचे जड चाक असते, ते फ्लायव्हील. त्याला चिकटून क्लच प्लेट असते. तिच्या दोन्ही अंगांना घासाला टिकणारे अस्तर असते, त्याला मिस्त्री फेसिंग म्हणतात. प्लेटच्या मागे प्रेशर प्लेट असते. तिच्या स्प्रिंगा क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरतात. पायाने पेडल दाबले की हा दाब सुटतो, पाय उचलला की पुन्हा पकड बसते. म्हणजे इंजिनाचा सगळा जोर चाकापर्यंत जातो तो या दाबाच्या आणि घर्षणाच्या भरवशावर.

फ्लायव्हीलचे दुसरेही काम आहे. हाताने फिरवायचे कडबाकुट्टीचे यंत्र पाहा. त्याचे चाक मुद्दाम जड केलेले असते. एकदा फिरले की पात्याखाली कडबा आला तरी ते अडत नाही. तीन सिलिंडरच्या इंजिनात दोन फेऱ्यांत तीनच ठोके पडतात. मधल्या वेळी इंजिनाला हेच जड चाक पुढे नेते. शर्यतीच्या मोटारींत हे चाक हलके करतात, म्हणजे इंजिन चटकन फेरे घेते. पण तिथे पोलादाचे चाक आणि वर संरक्षक कवच असते, कारण बिडाचे चाक कातून पातळ केले आणि फार वेगाने फिरवले तर फुटू शकते. नांगराला आणि ट्रॉलीला जड चाकच हवे. ट्रॅक्टरचे फ्लायव्हील हलके करून देतो, असे कोणी म्हणाला तर त्याला दुरूनच रामराम करा.

आता आकडे. इंजिनाचा जो पीळ, ज्याला मिस्त्री टॉर्क म्हणतात, तो काढायला सोपे गणित आहे. अश्वशक्तीला ७१६ ने गुणा आणि इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांनी भागा. ४५ अश्वशक्ती आणि २००० फेरे धरले तर पीळ १६ किलोग्रॅम-मीटर येतो. पंप वाढवून ५५ अश्वशक्ती केली तर तो सुमारे २० होतो. शिवाय चढावर ओढ लागून फेरे कमी झाले की पीळ आणखी वाढतो. तेव्हा १६ चे १९ धरा आणि २० चे २४ धरा.

आता क्लच किती पेलतो ते पाहू. स्प्रिंगांचा दाब, घर्षणाचा आकडा, प्लेटच्या मधल्या घेराची त्रिज्या आणि घासणारी अंगे दोन, या चारांचा गुणाकार करायचा. समजण्यापुरते आकडे घेऊ. दाब ७०० किलो, घर्षण ०.३, त्रिज्या ११ सेंटिमीटर म्हणजे ०.११ मीटर. गुणाकार ४६ येतो. म्हणजे नवा क्लच २४ चा पीळ सहज पेलतो. म्हणूनच पंप वाढवला की लगेच काही होत नाही, आणि लोक म्हणतात, "बघा, काय झालं?"

पण क्लच नवा राहत नाही. पुतण्याच्या क्लचने सात वर्षे काढली होती. समजा, स्प्रिंगा तापून तापून थकल्या आणि दाब ५०० किलो उरला. फेसिंग तापून काचेसारखे गुळगुळीत झाले आणि घर्षण ०.२ वर आले. आता गुणाकार २२ येतो. जुन्या १९ ला हा क्लच पुरत होता, नव्या २४ ला पुरला नाही. आणि क्लच एकदा घसरला की घसरण्याने तापतो, तापण्याने पकड आणखी सुटते, आणि मग एका चढात सगळे संपते.

इतका सरळ हिशोब. दोन ओळींचा. पाडव्याला मी एवढेच विचारायला हवे होते, "अरे, क्लच कधी बदललास?"

अपघातानंतर ट्रॅक्टर तालुक्याला एका जुन्या, जाणत्या मिस्त्रींकडे नेला. त्यांनी तो दोन भागांत उघडला आणि मला जवळ बोलावले. फ्लायव्हीलच्या तोंडावर निळे-काळे डाग होते आणि केसासारख्या बारीक भेगा होत्या. मिस्त्री म्हणाले, "साहेब, आधीच्यानं नुसती प्लेट बदलली. डाग असलेल्या चाकावर नवी प्लेट म्हणजे खडबडीत पाटावर नवी पोळी लाटायची. सगळीकडं टेकतच नाही, मग धरणार कुठनं?" क्रँकच्या मागच्या सीलमधून तेलही झिरपत होते. तेलकट फेसिंगचे घर्षण ०.१ वर आले, तर नवा ४६ पेलणारा क्लचसुद्धा १५ वर येतो. म्हणजे पंप न वाढवलेल्या इंजिनालाही तो पुरत नाही. ओल्या हाताने घागरीचा दोर ओढून पाहा, म्हणजे भगिनींनाही हे पटेल.

पुतण्याचे मन अजून पंपातच होते. तो म्हणाला, "मिस्त्री, मग क्लचच जोरदार बसवा की. पंप राहू दे."

मिस्त्रींनी शांतपणे सांगितले, ते तुम्हीही ऐका. क्लचची ताकद वाढवता येते. कडक स्प्रिंगांची प्रेशर प्लेट घाला. पण मग पेडल जड होते, दिवसभरात गुडघा दुखतो, आणि पेडल दाबताना तो सगळा दाब रिलीज बेअरिंगवर आणि क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर येतो. मोठ्या व्यासाची प्लेट घाला. पण तेवढे मोठे फ्लायव्हील आणि तेवढी जागा हवी. फेसिंगच्या जागी धातूच्या बटणांची प्लेट घाला. ती उष्णता सोसते, पण झटक्याने धरते, फ्लायव्हील लवकर खाते, आणि तो झटका पुढे गिअरला बसतो. शर्यतीच्या गाड्यांत आणि जड ट्रकांत दोन प्लेटांचा क्लचही असतो. "हे सगळं होतं, दादा," मिस्त्री म्हणाले, "पण क्लच धरायला लागला की मग तुटणार काय? गिअर. गिअर मजबूत केला तर क्राऊन-पिनियन. ते टिकलं तर मागचा एक्सल. आणि हे सगळं टिकलं तरी ब्रेक तेवढाच आहे. जोर वाढवलास, थांबवणार कशानं?"

पुतण्या गप्प झाला. मीही गप्प होतो. मोटेचा नाडा बदलला की कणा मोडतो, हे आमच्या आजोबांना ठाऊक होते.

शेवटी पंप मूळच्या मापावर आणला. सील, प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग नवे घातले. फ्लायव्हीलच्या भेगा खोल नव्हत्या, म्हणून त्याचे तोंड मशीनवर घासून घेतले. खर्च पंप वाढवण्याच्या कितीतरी पट आला. आणि दोन ट्रॉल्यांऐवजी चढाच्या वाटेने एकच ट्रॉली न्यायची, असे ठरले. खेपा वाढल्या, पैसे थोडे कमी उरले, पण ट्रॅक्टर अजून चालू आहे.

त्या दिवशी घरी आल्यावर मी पुतण्याला आणि त्या मुलाला समोर बसवून सांगितले, "चूक माझी होती. मला हिशोब येत होता, मी तो केला नाही." मुलगा हसून म्हणाला, "जाऊ द्या, आप्पा." तो आता एका खताच्या दुकानात कामाला आहे. भजनात पखवाज दुसरा मुलगा वाजवतो, हा टाळ धरतो. कोणी मला यंत्राबद्दल, बियाण्याबद्दल किंवा औषधाबद्दल काही विचारले की मी आधी तो टाळ आठवतो आणि मगच तोंड उघडतो.

बंधूंनो, ट्रॅक्टरवाल्यांनी एवढे जरूर लक्षात ठेवावे:

१. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, किंवा जळका वास येतो, म्हणजे क्लच घसरतो आहे. त्याच दिवशी काम थांबवा. "हंगाम संपल्यावर बघू" म्हणू नका.

२. क्लच पेडलला मोकळी चाल असावी. किती, ते ट्रॅक्टरबरोबरच्या पुस्तिकेत असते. बहुतेक ट्रॅक्टरांना ती इंचभराच्या आसपास असते. फेसिंग झिजेल तशी ही चाल कमी होते. ती अजिबात उरली नाही तर पाय न ठेवताही क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि जळतो.

३. चालवताना पेडलवर पाय ठेवून बसू नका. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नका.

४. क्लचच्या कामासाठी ट्रॅक्टर मधून उघडावाच लागतो, आणि मजुरी एकदाच पडते. तेव्हा प्लेटबरोबर प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पुढचे लहान बेअरिंग, क्रँकचे मागचे सील आणि फ्लायव्हीलचे तोंड हे सगळे तपासून घ्या. थोड्या पैशांसाठी सील वाचवू नका.

५. फ्लायव्हील घासून घेताना एक गोष्ट विचारा. ज्या चाकात प्लेटची जागा खोलगट असते, तिथे नुसते तोंड घासून चालत नाही. प्रेशर प्लेटचे बोल्ट जिथे बसतात ती कडही तेवढीच घासावी लागते, नाही तर स्प्रिंगांचा दाब कमी पडतो. भेगा खोल असतील तर चाक बदला.

६. जुन्या फेसिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. उघडलेल्या क्लचमधली धूळ तोंडाने किंवा हवेने फुंकू नका. ओल्या फडक्याने पुसा.

७. पंपाचे सील तोडले की कंपनीची हमी गेली म्हणून समजा. शिवाय नोंदणी झालेल्या वाहनात परवानगीवाचून फेरफार करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने बंदी आहे. उद्या अपघात झाला तर विम्यावरूनही वाद उभा राहू शकतो.

८. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडले एकमेकांना अडकवूनच चालवा. ट्रॉलीला चालू ब्रेक असल्याशिवाय भार ओढू नका. चाकाखाली घालायला लांब दांड्याचा लाकडी ठोकळा जवळ बाळगा. सरकत्या चाकाजवळ हाताने दगड लावायला कोणालाही, कधीही सांगू नका.

आणि भगिनींनो, तुम्हांलाही एक विनंती. घरात कोणी "पंप वाढवतो" म्हणाला, तर त्याला एकच विचारा, "वाढलेलं बळ पेलणार कोण, आणि थांबवणार कोण?" उत्तर मिळाले तर ठीक. नाही मिळाले, तर त्या दिवशी त्याच्या ताटात चकली वाढू नका!